मदत हवी आहे: सीझन संपवून नागपूरला आलेल्या फुटबॉलपटूने मे महिना कसा काढावा?

उजवा_बॅक:

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बऱ्याच वर्षांपासून, लिहितो क्वचित. या वेळी खरंच सल्ला हवाय.

मी व्यावसायिक फुटबॉल खेळतो. टीव्हीवर ओळखाल असा नाही, पण घर त्यावरच चालतं. वय 31, जागा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. वर्षाचा बहुतेक काळ परराज्यातल्या क्लबकडे आणि सीझन संपला की नागपूरला घरी. बायको बँकेत आहे, मुलगी यंदा पहिलीत जाईल.

क्लबमध्ये असतो तेव्हा माझं गणित सरळ असतं. विशीत मी प्रॅक्टिस संपल्यावरही ग्राउंडला चकरा मारायचो, घाम किती गळला यावर दिवस मोजायचो. आता मोजतो ते एवढंच, की शनिवारी टीमच्या यादीत माझं नाव लिहिता येईल का. माझ्यापेक्षा पायात जास्त कला असलेले दोघंतिघं बेंचवरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी गेले. मी अजून खेळतोय, कारण मी हजर असतो. म्हणून आठवड्यातून दोनदा जिम, रात्री दहाला दिवा बंद, आणि मांडीच्या मागे जरासं ओढल्यासारखं वाटलं की लगेच फिजिओला सांगायचं. लपवायचं नाही.

हे सगळं नागपूर स्टेशनवर उतरलं की कोलमडतं.

एक तर ऊन. पारा 45 च्या घरात, म्हणजे पळायचं तर पहाटे पाचला, नाहीतर नाहीच. पहाटे पाचला उठायचं तर लवकर झोपायला हवं, आणि मे महिना लग्नांचा. "फक्त तोंड दाखवून ये" म्हणतात, आणि जेवणाची पंगत बसते साडेदहाला. दुसरं म्हणजे गल्लीतले जुने मित्र. लाइटखाली सात-सातच्या स्पर्धा, रोख बक्षीस. मी नाही म्हटलं की "मोठा प्लेअर झाला बे तू." बायकोचं म्हणणं स्पष्ट आहे: त्या स्पर्धेत गुडघा गेला तर तो वर्गणीतून भरून निघणार नाही. मला पटतं. पण ज्या पोरांबरोबर अनवाणी खेळलो त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

सगळे भारताचा माजी कर्णधार सुनील छेत्रीचं उदाहरण देतात. 2023 मध्ये बाप झाला, 2024 मध्ये देशाच्या संघातून निवृत्त झाला, 2025 मध्ये चाळिशीत परत देशाकडून खेळून गोल मारला, मग तुझं काय रडगाणं? आदर पूर्ण आहे हो. पण तो 2013 पासून, मधला थोडा काळ सोडला तर, एकाच शहरातल्या क्लबकडे राहिला. आमच्यासारख्यांचं दर एक-दोन वर्षांनी शहर बदलतं, फिजिओ बदलतो, खोली बदलते. शरीर टिकण्यात या एका जागी राहण्याचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी लिहायला जड जातेय. परवा मी शेजारी उभा असताना मुलीने चॉकलेट खाऊ का हे आईला फोन करून विचारलं.

तर मदत अशी हवी आहे: घरी, साधनांशिवाय मांडीच्या मागचे स्नायू कसे राखावेत (दोन वर्षांपूर्वी डावा हॅमस्ट्रिंग फाटला होता), स्पर्धांना नकार कसा द्यावा, आणि बाहेरगावी नोकरी असलेले बाप घरी आल्यावर नेमकं काय करतात?

तर्रीवाला:

बाकीचं माहीत नाही, पण सकाळच्या तर्री पोह्यांवर बंदी घालणारा फिजिओ मिळाला तर बदलून टाका. 😀

फिजिओ_नागपूर:

खेळाडूंबरोबर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तपासल्याशिवाय सांगतेय, तेव्हा दुखत असेल तर आधी दाखवून घ्या.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा व्यायाम नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. गुडघे टेकायचे, घोटे कुणीतरी धरायचे, पाठ आणि मांड्या एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं आणि तोल सुटेपर्यंत रोखून धरायचं. तोल सुटला की हातावर पडायचं. जोर वर येताना नाही, खाली जाताना लागतो. धावताना पाय पुढे फेकला जातो आणि स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो, बहुतेक वेळा फाटतो तो तिथेच. हा व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत या दुखापती साधारण निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. मग हळूहळू वाढवत पाचव्या आठवड्यापर्यंत तीन सेट, 8 ते 12. पहिल्यांदा दोन दिवस जिना उतरताना आई आठवेल, ते चालतं. एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं तर थांबा.

दुसरं, आणि हे लोक विसरतात: सुट्टीत फक्त जॉगिंग करू नका. महिनाभर संथ पळून थेट प्री-सीझनला फुल स्पीड मारली की हॅमस्ट्रिंग जातो. आठवड्यातून एक-दोनदा, नीट वॉर्म-अप करून, जवळजवळ पूर्ण वेगाच्या थोड्या स्प्रिंट हव्यातच. पहाटेच. मधे पुरेशी विश्रांती घ्या. फुटबॉलमध्येसुद्धा वेट बल्ब ग्लोब तापमान 32 च्या वर गेलं की सामन्यात कूलिंग ब्रेक देतात. त्यात हवेतला दमटपणा आणि उन्हाची धग दोन्ही धरलेलं असतं, म्हणून मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका.

लग्नांबद्दल: रात्र गेली तर दुसऱ्या दिवशीची स्प्रिंट रद्द. उशिरा झोपून पहाटे वेगात पळण्यापेक्षा तो दिवस सोडलेला बरा.

मोतीबाग_जुना:

भाऊ, मी रेल्वेकडून खेळलो. ड्युटी झाली का मोतीबागले प्रॅक्टिस अन् रात्री घरी. पगार पहिल्या तारखेले. तुमच्या पिढीले ते सुख नाई. 2025 मध्ये आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, हक्कांच्या करारावरून अडकून पडली तवा क्लबांनी कामं थांबवली, पगार थांबवले. वरच्यांची ही गत, तर खालच्यांचं काय इचारता.

स्पर्धेचं सांगतो. नाही म्हणू नको, काम बदलून घे. "मी खेळत नाही, पण टीम मी लावतो" म्हण. सामन्याआधी पोट्ट्यांले वॉर्म-अप तू दे. फिफाचा इलेव्हन प्लस तुले पाठ असन, वीस मिनिटं लागतात. आपल्याकडे पोट्टे मॅचच्या आधी काय करतात? उभ्या उभ्या दोन गोल मारतात अन् शिट्टी झाली का पळतात. कामठीपासून रेशीमबागपर्यंत हेच. तू लाइनवर उभा रायला तर तुले मानतील, पायही वाचन. अन् करार पाह्य आधी. मुदत चालू असन तर क्लबची परवानगी असल्याशिवाय बाहेर खेळता येत नाही, सापडला तर पैशाले मुकशील.

एक कडू गोष्ट बोलतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीची वयोमर्यादा 25 आहे, तो दरवाजा तुझ्यासाठी बंद झाला. तवा आतापासून एआयएफएफचं, म्हणजे फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स करून ठेव. पाय शाबूत आहे तवाच डोक्याचं काम शिकावं.

वर्धेकरीण:

माझे यजमान जहाजावर असतात, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी बोलू शकते. घरी आलेला नवरा एकतर पाहुणा होतो, नाहीतर इन्स्पेक्टर. पाहुण्याला आपण चहा देतो आणि इन्स्पेक्टरला उत्तरं देतो, दोन्हीत बाईचं कामच वाढतं. आणि चॉकलेटची परवानगी मागायला मूल दोघांकडेही जात नाही.

आम्ही शेवटी असं केलं: ते आले की एक काम पूर्ण त्यांचं. "मदत" नाही, पूर्ण. आमच्याकडे मुलाची आंघोळ ते शाळेची व्हॅन. त्यात मी तोंड घालायचं नाही, मोजे उलटे गेले तरी. सुरुवातीला मूल माझ्याकडेच पळत यायचं, मी "बाबांना विचार" एवढंच म्हणायचे. मला ते अवघड गेलं, त्यांना नाही. तुमच्या पत्नीशी हे आधी बोला, कारण माघार तिला घ्यायची आहे. सूचना आणखी एक: जायच्या आदल्या दिवशी मुलीला मॉलमध्ये नेऊन खेळण्यांची बरसात करू नका. रोजचं जे काम असेल तेच त्या दिवशीही करा.

उजवा_बॅक:

सर्वांचे आभार. मोतीबाग_जुना काका, टीम लावायची कल्पना एकदम पटली. मित्रांना काल सांगितलं, दोघं फुगलेत पण बाकीचे तयार आहेत. करार 31 मेपर्यंत आहे, कागद पुन्हा काढून वाचला. तुम्ही म्हणता तेच कलम आहे. डी लायसन्सची चौकशी सुरू करतो.

फिजिओताई, नॉर्डिक सुरू केला. घोटे धरायला मुलीला बसवलं. ती दोन्ही टाचांवर बसली, मी पुढे झुकलो, आणि ती माझ्या पाठीवर येऊन आदळली. तिला हा खेळच वाटला. आता दिवाणाच्या खालच्या पट्टीत पाय अडकवतो, गुडघ्याखाली जुनी गोधडी दुमडून. आकडे मोजायचं काम तिच्याकडे आहे. सातनंतर तिला नऊ आठवतं, त्यामुळे एक रिपीट कमी होतो. हे चालेल ना?

वर्धेकरीण ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "इन्स्पेक्टर" बरोबर आहे. सध्या संध्याकाळचं सगळं माझ्याकडे: कुलरमध्ये पाणी, जेवण भरवणं, झोपवणं. त्यामुळे लग्नांना आपोआप फाटा बसला, "मुलीला झोपवायचं असतं" म्हटलं की कुणी आग्रह करत नाही.

आता एकच अडलंय. नवा क्लब दोन वर्षांचा करार देतोय, पैसे थोडे कमी. जुना एकाच वर्षाचा, पण जास्त देतो. मला दोन वर्षं एका जागी हवीत, आणि पहिल्या वर्षी बायकोची बदली तिकडे मागता येईल का तेही बघायचंय. राष्ट्रीयीकृत बँकेत जोडीदाराच्या खाजगी, ठराविक मुदतीच्या करारावर बदलीचा अर्ज विचारात घेतात का? बँकेतल्या कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा, उत्तर क्लबला पुढच्या आठवड्यात द्यायचंय.