कंपनीचा निधी स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाला: पटतं का?

वेर्णेकर: आमच्या वेर्ण्याच्या कंपनीनं स्मृतिभ्रंशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेशी तीन वर्षांचा करार केलाय. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या निधीतून, रक्कम जाणार. शिवाय कर्मचारी पगारातून जेवढं देतील तेवढीच भर कंपनी घालणार. कँटीनमध्ये दोन तट पडलेत. मी बाजूनं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण गोव्यात ११ टक्क्यांवर होतं, म्हणजे केरळच्या खालोखाल. त्यात पोरं दुबईला नाहीतर लंडनला. आपण नाही तर कोण देणार?

डिचोलीकर: विरोध. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ वाचा. ठरावीक आकारावरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के असे खर्च करावेच लागतात. कायद्यानं द्यायचं, त्याला दान कसलं म्हणता? वर कामगारांकडून वर्गणी, आणि २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, मिरामारला टी-शर्ट घालून चालायचं. फोटो कंपनीचा!

फोंड्याची सून: माझा नवरा याच कंपनीत आहे. फॉर्म घरी आलाय, अजून सही केलेली नाही. सासूबाईंना चार-पाच वर्षं हा आजार आहे. दिवेलागण झाली की स्वतःच्याच ओसरीवर बसून "मला घरी पोचव" सुरू होतं. गॅसचा रेग्युलेटर रात्री मी काढून कपाटात ठेवते, दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावलीय. आता संशोधनाचं सांगते. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यायचं, तेही आजार सुरुवातीला असेल तरच. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. आमच्या घरात त्याचा काय उपयोग? मला दुपारी दोन तास त्यांच्यापाशी बसणारं माणूस हवंय.

बांबोळीवाला: ताई, तुम्ही मागताय त्यावरही संशोधन झालंय, आणि ते गोव्यातच. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली होती, निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जायचे, आजार समजावायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायचे. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. चाचणीच झाली नसती तर हे सिद्ध कसं झालं असतं?

डिचोलीकर: सिद्ध झालं, मग पुढे काय झालं? आमच्या वाड्यावर तरी असा सल्लागार कोणी पाहिलेला नाही. आता पुन्हा पैसे घालून तेच पुन्हा सिद्ध करायचं का?

पेडणेकर: कुणालाही द्या, पण खर्चाचा हिशेब दरवर्षी नोटीस बोर्डावर लागू दे.

वेर्णेकर: बांबोळीवाले बरोबर बोलले, पण डिचोलीकरांचा प्रश्नही टाळता येत नाही. करारात निम्मी रक्कम घरभेटींना ठेवा, असं मी एचआरला लिहितो. आणखी एक: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिलीत. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं वगैरे. ती सगळी आवरली तर ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळतील किंवा आजार उशिरा सुरू होईल, असा अंदाज आहे. श्रवणयंत्रांचं शिबिर तर उद्यासुद्धा घेता येईल.

फोंड्याची सून: शिबिरात यंत्र मिळतं हो, पण सेल बदलायला नंतर कोण येतं? घरी येणारं माणूस पगारावर ठेवा आणि तसं करारात लिहा. ते कलम दाखवा, मग सहीचं बघू.