बालगंधर्वांच्या जिल्ह्यात ड्रॅग परके कसे?

कृष्णाकाठ, सांगली
१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्यानंतर कित्येक दशके मराठी रंगभूमीवरच्या नायिका पुरुषच रंगवत होते, आणि नागठाण्याच्या बालगंधर्वांसारखे नेसण्याची हौस घरंदाज स्त्रियांनाही होती. तरी ड्रॅगचा, म्हणजे बाईपणाचा किंवा पुरुषपणाचा साज मुद्दाम अतिरंजित करून रंगमंचावर केलेल्या सादरीकरणाचा, विषय निघाला की याच जिल्ह्यातले नाट्यरसिक 'हे मुंबईचे खूळ' म्हणून नाक मुरडतात.

मिरजकर
ही तुलना मला मान्य नाही. स्त्रियांना रंगमंचावर येण्याची मुभा नव्हती म्हणून स्त्रीपार्टाची सोय झाली. मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया उभ्या राहिल्यावर तिची गरज ओसरली. बालगंधर्वांचे यश प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पाडण्यात होते, तर ड्रॅगमधला कलाकार भडक पापण्या लावून 'हे सोंग आहे' असे मुद्दाम दाखवतो. त्यात बाईची टिंगल होते, हा माझा खरा आक्षेप आहे.

कृष्णाकाठ
टिंगल तर तमाशातल्या नाच्याचीही होते, आणि तिथे प्रेक्षक बायकी पुरुषाला हसतो. त्यावर आपण कधी आक्षेप घेतला?

सई, विटा
तुम्ही दोघेही पुरुषाच्या लुगड्यापाशीच अडकला आहात. मी समलिंगी स्त्री आहे आणि मला नथ, गजरा, काठपदराची साडी मनापासून आवडते; अशा स्त्रीला फेम म्हणतात. त्यामुळे घरच्यांना मी लग्नाला तयार आहे असे वाटते, आणि ज्यांच्यात मोकळेपणाने वावरावे त्या मैत्रिणींनाही मी पुरती त्यांच्यातली वाटत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, पण हा गैरसमज कोणत्याही निकालाने जाणारा नाही. ड्रॅग स्त्रियाही करतात. तीच नथ रंगमंचावर अवाच्या सवा मोठी करून घातली, की हा साज नवऱ्यामुलासाठी नाही हे बघणाऱ्याला निदान एकदा तरी कळते.

मिरजकर
बाईने बाईच रंगवायची, तर त्यासाठी लावणी आहे.

सई, विटा
बैठकीच्या लावणीतला शृंगार बहुधा समोर बसलेल्या पुरुषाला उद्देशून असतो. माझा नाही.

मिरजकर
हा फरक मी मानतो. तरीही आक्षेप मागे घेत नाही, कारण करणारी स्त्री आहे एवढ्यावरून टिंगल टळते असे नाही. प्रयोग पाहूनच ते ठरवावे लागेल.