काँटॅक्ट रेडिओथेरपीनंतर गुदाशयातला व्रण: गाठ उरली आहे की नुसती जखम? सल्ला हवा

निदानार्थी: रुग्णाच्या गुदद्वारापासून ५ सेंमी वर, पुढच्या भिंतीवर २.५ सेंमीची टी२ (भिंतीच्या स्नायूपर्यंत पोचलेली) कर्करोगाची गाठ. लिम्फ नोड बाधित नाहीत. आधी काँटॅक्ट (नळी गाठीला टेकवून आतून दिलेले क्ष-किरण), ३० ग्रेचे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) ३ डोस दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. मग बाहेरून २५ बैठकांत ४५ ग्रे, सोबत कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची गोळी. १४व्या आठवड्यात दुर्बिणीत सेंटिमीटरभर व्रण आहे, बूड पिवळसर पांढरं. एमआरआयच्या अहवालात 'गाठ शिल्लक असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिलंय. बायोप्सी घ्यावी, की थेट शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी?

दुर्बीण: आत्ता दोन्ही नको. ५० किलोव्होल्टच्या किरणांचा जोर पहिल्या काही मिलिमीटरमध्येच ओसरतो. त्यामुळे पृष्ठभागावर जबर मात्रा बसते आणि नेमकी तिथेच जखम पडते. हा व्रण अपेक्षितच आहे, भरायला काही महिने लागतात. त्याचा तुकडा काढलात तर ती जखम चिघळत राहते, दुखते. एवढं करून हाती भरवशाचं काही येत नाही, कारण उरलेल्या पेशी बऱ्याचदा अस्तराखाली, स्नायूच्या थरात दडलेल्या असतात आणि वरचा तुकडा कोरा येतो. कोऱ्या बायोप्सीवर विसंबून निर्धास्त झालेला रुग्ण ही सगळ्यात वाईट अवस्था.

व्रणाच्या बुडापेक्षा कडेकडे बघा. आधी पाण्याचा फवारा मारून पिवळा पापुद्रा धुवा, मगच फोटो काढा. कड शेजारच्या अस्तराच्या पातळीत, बूड सपाट, व्रण ॲप्लिकेटरच्या (किरण देणाऱ्या नळीच्या) वर्तुळाच्या आत: हे चांगलं लक्षण. कड उचललेली, गाठाळ, किंवा वर्तुळाबाहेर सरकलेली असेल तर संशय घ्या.

आणि बोट! ५ सेंमीवरची गाठ बोटाला लागते, त्यामुळे दुर्बिणीइतकंच वजन बोटाला द्या. भिंत मऊ, खालच्या थरावर सरकणारी असेल तर थांबायला हरकत नाही. बटणासारखा घट्टपणा लागला तर गंभीरपणे घ्या. दर वेळी शक्यतो एकाच डॉक्टरने तपासावं. 'घट्ट' हा शब्द दोन बोटांत सारखा नसतो.

करडीछटा: एमआरआयबद्दल. उपचारापूर्वीच्या चित्रांशी, त्याच प्रतलात तुलना केली होती का? नसेल तर त्या वाक्याला फारसा अर्थ नाही. व्रणाखाली सूज असते, ती एमआरआयच्या टी२ प्रकारच्या चित्रात (गाठीच्या टी२ टप्प्याशी याचा संबंध नाही) उजळ दिसते. डिफ्यूजनच्या (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) जास्त बी-मूल्याच्या, म्हणजे जास्त संवेदनशील, चित्रातही तो भाग उजळ राहतो आणि गाठ वाटते. त्याच जागी एडीसी नकाशा (त्या हालचालीचं मोजमाप) बघा. तिथेही उजळ असेल तर ते सुजेचं पाणी. तिथे काळा असेल तर पाण्याच्या हालचालीला खरा अटकाव, म्हणजे गाठीची शंका. दोन्हींत काळा असेल तर बहुधा वण. गुदाशयात हवा असली की डिफ्यूजनचं चित्र नेमकं भिंतीपाशी विस्कटतं, म्हणून तपासणीआधी छोटा एनिमा द्यायला सांगा. काँटॅक्टची मात्रा मेसोरेक्टमपर्यंत (गुदाशयाभोवतीच्या चरबीपर्यंत) पोचत नाही, तेव्हा तिथले नोड मात्र दर वेळी बघाच.

निदानार्थी: कड सपाट आहे, बोटाला मऊ लागतं. एडीसी बघितला नव्हता, पुन्हा वाचून घेतो. पण थांबायचं किती?

दुर्बीण: ऑपेरा या काँटॅक्टवरच्या वैद्यकीय चाचणीत १४, २० आणि २४ आठवड्यांना तपासलं होतं, तेच अंतर धरा. अवयव वाचण्याचं ३ वर्षांचं प्रमाण काँटॅक्ट गटात ८१ टक्के, बाहेरूनच वाढीव मात्रा दिलेल्या गटात ५९ टक्के होतं. १४व्या आठवड्याला घाई केली तर ज्यांची जखम पुढे भरणार आहे त्यांचाही गुदाशय जाईल. व्रण आक्रसत असेल तर वाट बघा.

टाका: सर्जनच्या बाजूने एक. वाट बघणं म्हणजे तारखा पुढे ढकलणं नव्हे. व्रण तेवढाच राहिला किंवा वाढला, घट्टपणा आला, की २४ आठवड्यांपर्यंतही रेंगाळू नका, टीममध्ये चर्चा करा. पूर्ण प्रतिसाद (गाठ कुठेच दिसत नाही) ठरला तरी पहिली २ वर्षं दर ३ महिन्यांनी बोट, दुर्बीण, सीईए (कर्करोगाची खूण देणारी रक्तचाचणी) आणि ३-४ महिन्यांनी एमआरआय. 'वॉच अँड वेट'च्या (शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवण्याच्या) आंतरराष्ट्रीय नोंदीत परत उगवलेल्या गाठींपैकी ८८ टक्के पहिल्या २ वर्षांतच सापडल्या, आणि ९७ टक्के आतड्याच्या भिंतीत. रुग्ण या फेऱ्या पाळेल का, हे आत्ताच स्पष्ट विचारा.

दुर्बीण: रक्ताचंही त्यांना आधीच सांगा. वण भरल्यावर त्यावर केशवाहिन्यांचं जाळं येतं आणि काही महिन्यांनी शौचावाटे लाल रक्त जातं. गाठ परतली म्हणून रुग्ण घाबरतो. थोडंसं असेल तर बघत राहा. दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने ते जाळं जाळायची वेळ आलीच तर कमी शक्तीवर, थोडं थोडं. सढळ हाताने जाळलं तर त्याच जागी खोल व्रण पडतो आणि तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी येता.