तीन तासांत वैज्ञानिक दृष्टिकोन?

औशाचे_मास्तर : परवा इथंच एका संशोधक ताईंनी लिहिलं, "जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन तास दिले, चौथीच्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रयोग पाहिला." पहिल्यांदा? मग मी वर्षभर गोट्या खेळलो का? खायचा सोडा, लिंबू, ज्वालामुखी उतू गेला, टाळ्या, फोटो, गाडी पुण्याला. फरशी मी पुसली. दोन वर्गांना मी एकटा, वर रोज ऑनलाइन माहितीची एक लिंक भरा.

निलंग्याची : ती ताई मीच. माहेर निलंगा, पुणं फक्त नोकरीला. "पहिल्यांदा" मागे घेते. पण सर, कपाटातल्या साहित्यपेटीचं सील आम्ही फोडलं, हेही लिहा की. भिंग घेऊन बसलेली ती पोरगी, घंटा झाली तरी उठेना. "मॅडम, मुंगळ्याच्या पायाला केस हायत!"

औशाचे_मास्तर : भिंग हरवलं तर भरपाई माझ्या खिशातून. म्हणून सील.

हिंगोलीकर : आमच्या औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार. चार-चार किलोमीटरचे दोन हात, 2023 ला केंद्राची मंजुरी. शास्त्रज्ञ दारात येतील, पण आमच्या पोराला तिथं काम मिळेल का, ते बोला.

औशाचे_मास्तर : भाऊ, धागा चौथीचा आहे.

लातुरी_पालक : भांडता काहून? शून्य सावली दाखवा. वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर, काठीची सावली गायब. खर्चही शून्य.

औशाचे_मास्तर : आली अक्कल शिकवायला. मेच्या मध्यावर शाळेला कुलूप, जुलैअखेर आभाळ. गेल्या साली उघडीप मिळाली, मीटरभर काठी रोवली, ठोक्याला बारा. सावली चांगली अर्धी वीत. पोरं म्हणाली, "गुरुजी, हाय की सावली!" अजून चिडवायलेत.

निलंग्याची : अहो सर, बाराला नसतेच! घड्याळ देशभर 82.5 रेखांशाचं, औसा त्याच्या पश्चिमेला, 76.5 वर. सहा अंश, अंशाला चार मिनिटं, झाली 24. जुलैअखेर सूर्य घड्याळाच्या मागं असतो, त्याची आणखी सहाएक. साडेबाराला बघायचं.

हिंगोलीकर : मग आमच्याकडं?

निलंग्याची : दोनेक मिनिटं आधी. आणि जुलैतला दिवसच पाच-सहा दिवस आधीचा, तुम्ही उत्तरेला.

लातुरी_पालक : मोबाईलवर तर बाराच आलतं.

औशाचे_मास्तर : मोबाईल घाला चुलीत. ताई, हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? ज्वालामुखी कुणी मागितला होता?

निलंग्याची : सांगणार कुणाला? तुम्ही चहाचं सांगून जे गेलात ते फरशी पुसायलाच आलात.

औशाचे_मास्तर : लिंक भरत होतो.

निलंग्याची : जुलैअखेर येते. सोडा आणत नाही.

औशाचे_मास्तर : या. भिंगाची जबाबदारी तुमची. फोटो मात्र काढा, लिंकवर टाकायला लागतात.