मदत हवी आहे: परदेशी कामावर गेलेला भाऊ तिथे रुळेना

धाकटा भाऊ दीड वर्षापासून परदेशात बांधकामावर आहे. खोलीतले सहाही जण आपलेच, मुकादमही आपल्याच भाषेचा. त्यामुळे तिथली भाषा ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या’ यापुढे सरकलेली नाही. सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल केला की पडूनच असतो, मागे दोरीवर तेच टॉवेल. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने चार वाटा सांगितल्यात: दोन्ही संस्कृती धरून राहणं, आपली सोडून तिथलं होणं, आपल्यातच राहणं किंवा दोन्हींकडून तुटणं. हा तिसरीवरून चौथीकडे घसरतोय असं वाटतं. (रोज फोन करून मीच त्याला अडकवतेय का, तेही कळत नाही.) भाषेचा वर्ग लाव म्हणायचं, तर १२ तासांच्या पाळीनंतर अंगात त्राण कुठून आणायचं? तुमच्यापैकी कुणी असं राहिलं असेल तर सांगा ना, तिथल्या माणसांशी पहिली ओळख कुठे झाली? मैदानावर, प्रार्थनास्थळी, की कामावरच?