'होरी शाकारली' म्हणजे नेमकं काय केलं?

आमचं आजोळ वेसाव्याचं, म्हणजे वर्सोव्याचं. मामांच्या घराची डागडुजी निघाली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत जुने फोटो सापडले. बहुतेक कृष्णधवल, काहींच्या मागे पेन्सिलीने दोन-तीन शब्द. घरातल्या मुलांसाठी त्यांचा अल्बम करतोय आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची आहे. एका फोटोत किनाऱ्यावर ओढून घेतलेली होडी आहे, भोवती चार-पाच माणसं आणि होडीवर नारळाच्या झापांचं छप्पर. मागे लिहिलंय 'होरी शाकारली'. होरी म्हणजे होडी, हे कळलं. पण शाकारतात ते घर ना? की छप्पर घातलं एवढाच अर्थ घ्यायचा? फोटोखाली 'होडीची दुरुस्ती' लिहावं असं घरात एकाचं म्हणणं आहे.

* * *

'दुरुस्ती' लिहू नका, अर्थच बदलेल. शाकारणे हे मूळ घराचंच. पावसाआधी छपरावर नवं गवत किंवा झापं घालायची, कौलारू घर असेल तर कौलं परतायची, ती शाकारणी. किनाऱ्यावर तोच शब्द होडीला लागला. मोसम संपला की होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढायची, खाली ओंडके द्यायचे, शीड-दोर उतरवून घरात न्यायचे आणि वरून झापांनी झाकायची. उन्हाने फळ्या तडकू नयेत, पावसाचं पाणी आत साचून लाकूड कुजू नये म्हणून. डागडुजी होतेच, फटी बुजवतात, लाकडाला मुशी माशाचं तेलही चोपडत. पण शाकारली म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच: यंदाची मासेमारी थांबली, होडी आता नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात जाणार नाही. आजही १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत 'नौका शाकारल्या' अशी बातमी येते, ती याच अर्थाने. बोटी फायबरच्या झाल्या, झापांच्या जागी ताडपत्री आली, शब्द तोच राहिला.

म्हणजे तुमच्या फोटोला महिनाही मिळाला. तो बहुधा मे अखेरचा असणार.

फोटोखाली 'होरी शाकारली' हेच ठेवा, र चा ड करा असं कोणी सांगितलं तरी. ज्याने ते लिहिलं तो तसंच बोलत होता. खाली लहान अक्षरांत अर्थ द्या.

* * *

आम्ही दापोलीकडचे, आता गिरगावात. आमच्याकडे या दिवसांना आगोट म्हणतात. 'आगोटीचं सामान भरलं का?' हा मे महिन्यातला प्रश्न. तांदूळ, मीठ, लाकूडफाटा, सुकी मासळी, सगळी पावसाची बेगमी. शाकारणी आणि आगोट हे शब्द कायम जोडीने ऐकलेत, म्हणून ट्रंकेत सुक्या मासळीचे फोटो असतील तर ते शेजारीच लावा.

* * *

आहेत! बांबूंची उंच चौकट, तिच्यावर बोंबलांच्या रांगाच रांगा, खाली अंगावर फडकी (ओढणीसारखं वस्त्र) घेतलेली आजी. चौकटीला आमच्याकडे वलांडी म्हणतात एवढं आईकडून कळलं. आणखी एका फोटोवरून वाद चालू आहे. अंगणात चुलाण पेटवलंय, त्यावर भला मोठा तांब्याचा हंडा, दोन माणसं काठीने ढवळताहेत. मावशी म्हणते हे लग्नाचं जेवण.

* * *

वलांडीचा फोटो मोठा करून छापा. बोंबील दोरीला बांधलेले नसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. फोटो स्पष्ट असेल तर तोंडं गुंतलेली दिसतील. बायका गप्पा मारता मारता हे इतक्या भरभर करतात की बघणाऱ्याला जोडी कधी झाली ते कळत नाही. लहान मुलांना दाखवायचं ते हे, नुसतं 'मासे वाळवताना' लिहून काहीच पोचणार नाही.

हंड्याबद्दल: काठीवरून काय लोंबतंय ते बघा. दोरखंड किंवा जाळं असेल तर ते लग्न नव्हे. सुती जाळी खाऱ्या पाण्याने लवकर कुजत, म्हणून झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात ती बुडवत. जाळ्याला तांबूस रंग चढे आणि ते टिके. १९६०च्या दशकापासून नायलॉन रुळत गेलं तशी ही उठाठेव संपली. मावशींना 'जाळ्याला रंग देत होते का?' असं थेट विचारा. जुन्या माणसाला नेमका शब्द दिला की पुढचं आपोआप येतं, 'हा फोटो कसला?' म्हटलं की अंदाजच मिळतात.

* * *

जाळंच आहे! हंड्याच्या कडेवरून खाली आलंय. मावशीला विचारल्यावर तिने सालींचा वासही सांगितला आणि तो हंडा कोणाकडून मागून आणत तेही. शेवटचा प्रश्न: गुडघाभर पाण्यात एक मुलगा, खांद्यावर जाळं, मागे 'पागाला'. हे त्याचं नाव का?

* * *

नाव नाही. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. फेकलं की ते छत्रीसारखं उघडतं आणि गोळ्यांच्या वजनाने तळाला बसतं. त्यावरून पागणे हे क्रियापद. 'पागाला' म्हणजे पाग टाकायला गेलाय. होडी लागत नाही, एकट्याने होतं, म्हणून पोरं खाडीच्या उथळ पाण्यात यावरच हात बसवत. मुलाचं नाव मात्र आत्ताच विचारून लिहा, आणि फोटोच्या मागे लिहाल तर मऊ पेन्सिलीनेच, कडेला. शाई पुढे उमटते.