नासधूस होते, पण दुरुस्तीही होते

सिनेमा-मालिकांचे शूटिंगवाले जुन्या वास्तूंची फक्त नासधूस करतात, असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. जड दिवे, केबल आणि सतत ये-जा यांनी जुन्या लाकडी जमिनी आणि नक्षीकामाला धोका असतोच. पण मग इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या कॅसल हॉवर्ड या जुन्या, भव्य वाड्याबद्दलही बोलायला हवं. नोव्हेंबर १९४० मध्ये तिथे आग लागली, घुमट कोसळला, कितीतरी दालनं जळाली. घुमट १९६० नंतर पुन्हा उभा राहिला, पण जळालेली दालनं बरीच वर्षं तशीच पडून होती.

१९८१ ची 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' मालिका तिथे चित्रित झाली, तेव्हा ती बनवणाऱ्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या पैशातून त्या जळालेल्या दालनांपैकी गार्डन हॉल नव्याने बांधला गेला. मालिकेतला चित्रकार भिंती रंगवतो ती हीच खोली, आणि ती चित्रं प्रत्यक्षात चित्रकार फेलिक्स केली यांनी काढलेली. म्हणजे आज पर्यटक जी खोली बघतात, ती चित्रीकरणामुळेच उभी आहे. माझ्या मते नुसतं भाडं घेण्यापेक्षा अशी दुरुस्ती करारातच लिहून घेणं कितीतरी चांगलं. याच कथेवरच्या २००८ च्या चित्रपटाच्या वेळीही तिथल्या वरच्या मजल्यावरची जळकी दालनं अशीच सजवली गेली.